खेळाची काच



आज बोलायचे आहे ते मुलांच्या हातातल्या विजेच्या खेळांविषयी. ते खेळ घडविणाऱ्या धंद्याची ओळख मात्र आम्हांस आपल्या शेजारी, सीप्झमध्ये झाली. हे निर्यात क्षेत्र १९७३ साली निघाले. नाव सांताक्रूझचे, जागा अंधेरीची!

पुढे तीनच वर्षांनी, १९७६ साली, अमेरिकेतील मॅटेल कंपनीने ‘ऑटो रेस’ हा तळहाताएवढा खेळ विकावयास काढला. आत गणकयंत्राच्या जातीची चिप, आज्ञावली अवघी ५१२ बाइटांची. मोटार म्हणजे एक तांबडी रेघ, आडवी येणारी मोटार म्हणजे दुसरी रेघ. १९७७ च्या ‘फुटबॉल’मध्ये आपला गडी ओळखायचा तो त्याची रेघ अधिक झळाळते म्हणून. बाकीचे मैदान मुलाने मनाने भरून घ्यायचे, आणि मुले ते खुशाल भरून घेत.

ती रेघ म्हणजे एलईडी. वीज खेळवली की उजळणारा स्फटिकाचा कण. अशा कणांना केसाहून बारीक तार जोडावी लागते. त्या काळी आशियातील कितीतरी कारखान्यांत हे काम तरुण मुली सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून करीत. मालक म्हणत, बायकांची बोटे चपळ. डोळ्यांचा रकाना मात्र पगारपत्रकात नसे.

१९७९ साली ‘मायक्रोव्हिजन’ने द्रवस्फटिकाचा, म्हणजे एलसीडीचा, सोळा बाय सोळा ठिपक्यांचा पडदा आणला. १९८० साली जपानच्या निन्टेन्डोत गुन्पेई योकोई यांनी ‘गेम अँड वॉच’ काढला. द्रवस्फटिक स्वतः प्रकाशत नाही. दाब दिला की त्याचे रेणू वळतात, प्रकाश अडतो आणि आकृती काळी दिसते. म्हणून बटणाएवढ्या बॅटरीवर भागे. पण अंधारात खेळणे नाही, आणि चेंडू झेलणाऱ्या त्या बाहुल्याचा हात काचेत आधीच आखलेल्या ठिकाणीच जाणार. आमच्या मते रेघांच्या खेळात मुलाला मोकळीक अधिक होती, असो.

सीप्झमध्येही बारीक जोडकामाला बहुतांशी बायकाच. पस्तिशीच्या आत सुईत दोरा ओवता येईनासा झाला, असे सांगत त्या आमच्याकडे येत. तासाला दहा मिनिटे डोळे मिटून बसू द्यावे, एवढीच मागणी. एका कारखान्यात ती मान्य व्हावयास दोन वर्षे लागली.