भ्रमणध्वनीच्या पाच पिढ्या
(वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



ज्ञातीच्या संमेलनात पिढ्यांचा विषय निघाला की वंशावळीचे स्मरण व्हावे, हे स्वाभाविकच होय. आज मात्र मी एका निराळ्या वंशावळीविषयी बोलणार आहे. आपल्या खिशातील भ्रमणध्वनी ज्या जाळ्यावर चालतो, त्याच्या आजवर पाच पिढ्या झाल्या आहेत.

या जाळ्याचे मूलतत्त्व सोपे आहे. शाळेतील शेजारच्या दोन वर्गांत एकाच वेळी मोठ्याने पाढे सुरू झाले, तर कोणासच काही कळत नाही. परंतु इमारतीच्या दोन टोकांना ते खुशाल चालते. रेडिओलहरींचेही तसेच आहे. लहरी मोजक्या आणि बोलणारे अगणित. म्हणून प्रदेशाचे लहान विभाग पाडून प्रत्येकास मनोरा द्यावा आणि एका विभागातील लहरी दूरच्या विभागात पुन्हा वापराव्यात, ही कल्पना अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९४७ साली मांडली गेली.

दि. ३ एप्रिल १९७३ रोजी मार्टिन कूपर यांनी न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून हातातील यंत्रावर संभाषण केले. १९७९ साली टोकियोत पहिली पिढी सेवेत आली. तीत आवाजाची लहर जशीच्या तशी पाठविली जाई. त्यामुळे त्रयस्थास ती ऐकणे फारसे कठीण नसे. १९९१ साली फिनलंडमध्ये अवतरलेल्या दुसऱ्या पिढीने आवाजाचे अंकांत रूपांतर केले. अंक सांकेतिक लिपीत घालता येतात आणि एकाच लहरीवर अनेकांना आळीपाळीने वाटाही मिळतो. लघुसंदेश हेही याच पिढीचे अपत्य. आपल्या देशात दि. ३१ जुलै १९९५ रोजी श्री. ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीस श्री. सुखराम यांच्याशी संभाषण करून या सेवेचा प्रारंभ केला.

२००१ साली जपानमध्ये आलेल्या तिसऱ्या पिढीने चित्रे व इंटरनेट हाती दिले. २००९ साली स्टॉकहोम व ऑस्लो येथे सुरू झालेल्या चौथ्या पिढीत सारी माहिती लहान लहान पुडक्यांत बांधून पाठविली जाते. आवाजही त्याच वाटेने जाऊ लागला. पाचवी पिढी आपल्याकडे दि. १ ऑक्टोबर २०२२ रोजी आली. तिचा वेग अधिक आणि विलंब अत्यल्प.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. आपल्या घरात आजोबा व नातू एकत्र नांदतात. लहरींच्या घरात जागा अपुरी असल्याने नव्यासाठी जुन्यास निघावे लागते. अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांनी २०२२ साली तिसरी पिढी बंद केली. आपल्याकडेही ती पुष्कळ ठिकाणी गेली आहे. दुसरी पिढी मात्र अद्याप अनेक वृद्धांच्या साध्या फोनचा आधार आहे. तीही बंद झाली, म्हणजे ज्या यंत्रास चौथ्या पिढीवरून बोलण्याची सोय नाही, ते मुके होईल. बँकेचा ओटीपी, निवृत्तिवेतनाची वार्ता, परगावच्या मुलाची हाक, सारे त्याच एका क्रमांकावर अवलंबून असते. एकट्या राहणाऱ्या आपल्या एखाद्या भगिनीस ही गोष्ट फोन बंद पडल्यावर कळावी, हे आपणांस शोभणार नाही.

म्हणून तरुण मंडळींना माझी विनंती आहे. येत्या वर्षात ज्ञातीतील प्रत्येक वृद्धाच्या घरी जावे आणि त्यांचे यंत्र कोणत्या पिढीचे आहे ते पाहावे. नवे घेताना केवळ ‘फोर-जी आहे काय’ असे विचारून थांबू नये. ‘फोर-जीवरून बोलता येते काय’ हेही विचारावे, कारण काही यंत्रांत इंटरनेट चौथ्या पिढीचे आणि बोलणे मात्र जुन्या पिढीचे असते. बटणांचे साधे फोनही ही सोय असलेले मिळतात आणि क्रमांक बदलावा लागत नाही. ओटीपी कोणासही सांगू नये, हेही त्याच भेटीत शांतपणे समजावून द्यावे.