मोडलेल्या सोयरिकीतून प्लेस्टेशन

प्लेस्टेशनचा जन्म एका मोडलेल्या सोयरिकीतून झाला. निन्टेंडोच्या कन्सोलला सीडी ड्राइव्हची जोड देण्याचं काम सोनीकडे होतं. जून १९९१मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात सोनीनं तसं जाहीरही केलं. दुसऱ्याच दिवशी निन्टेंडोनं फिलिप्सचा हात धरला. तोही भर मांडवात! सोनीचे इंजिनिअर केन कुतारागी मात्र हटले नाहीत. वरिष्ठांना पटवून त्यांनी स्वतंत्र कन्सोल उभा केला. ३ डिसेंबर १९९४ला तो जपानमध्ये विक्रीला आला. कार्ट्रिजपेक्षा सीडी बनवणं कितीतरी स्वस्त, म्हणून गेम तयार करणाऱ्या कंपन्या इकडे वळल्या, यात नवल नाही. पुढे २००० साली आलेल्या प्लेस्टेशन टूची विक्री १५ कोटींच्या वर गेली.