शिवणयंत्राची लक्ष्मी
(मुलुंड येथे ज्ञातिसंस्थेच्या महिला शिवणवर्गाच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



शिवणवर्गाच्या समारंभात मी संगीताचा विषय काढावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु समोर मांडलेल्या यंत्रांपैकी दोहोंवर ‘सिंगर’ हे नाव आहे, आणि त्या घराण्यातील एका कन्येचीच हकीकत मला सांगावयाची आहे.

आयझॅक सिंगर या अमेरिकन गृहस्थाने १८५१ साली शिवणयंत्राचे पेटंट मिळविले. यंत्रे हप्त्याने विकण्याची त्याच्या कंपनीची युक्ती जगभर फळास आली. १८७५ साली तो वारला तेव्हा त्याची कन्या विनारेटा अवघी दहा वर्षांची होती. तिच्या वाट्यास अलोट धन आले. तिचा पहिला विवाह रद्दबातल ठरला. १८९३ साली तिने एदमों द पोलिन्याक या उतारवयाच्या फ्रेंच राजपुत्राशी विवाह केला. त्याच्यापाशी पैसा नव्हता, पण तो संगीतरचनाकार होता. संगीतावरच दोघांचे सूत जमले. १९०१ साली तो निवर्तला.

पुढे अनेक वर्षे या बाईंचा पॅरिसमधील वाडा संगीतकारांचे माहेरघर होता. आपल्याकडेही शाहू महाराजांनी अल्लादियाखाँसाहेबांना कोल्हापुरास आश्रय दिलाच होता. मात्र दरबारी गवयाला वेतन मिळे. या बाई नवी कृती मागत आणि तिचे मोल देत. त्या स्वतः ऑर्गन वाजवीत, त्यामुळे काय मागावे हेही त्यांना कळे. प्रचंड वाद्यवृंदांचे दिवस सरले, असे मानून त्यांनी मोजक्या वादकांसाठी रचना करवून घेतल्या. स्ट्राविन्स्कीने ‘रेनार’ त्यांच्यासाठीच रचले. स्पेनच्या फाया याचे कळसूत्री बाहुल्यांचे संगीतनाट्य १९२३ साली त्यांच्या दिवाणखान्यात रंगले.

एरिक साती याची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. मोठा विक्षिप्त माणूस! एका टीकाकाराला उघड्या कार्डावर शिव्या लिहून पाठविल्या, म्हणून १९१७ साली त्याला आठ दिवसांची कैद आणि दंड ठोठावण्यात आला. बाईंसाठी चाललेले ‘सोक्रात’ तेव्हा अपुरेच होते. दुसऱ्या कोणी हात झटकले असते. बाईंनी पैसे पाठविले. १९१८ साली कृती पुरी झाली, आणि आज ती त्याची श्रेष्ठ रचना गणली जाते.

बाई १९४३ साली लंडनमध्ये वारल्या. परंतु १९२८ साली त्यांनी स्थापिलेली संस्था पॅरिसच्या त्याच वाड्यातून आजही कलावंतांना साहाय्य करीत आहे.

हे सांगताना मला स्वतःची लाज वाटते. शाळेत असताना एका विद्यार्थ्याला, “पेटी पुरे, गणित पाहा,” असे मी बजावले होते. तो आज सुस्थितीत आहे. पेटी मात्र कायमची सुटली. आपल्या शिष्यवृत्तीच्या अर्जातही अभियंता, वैद्य, हिशेबनीस होणाऱ्यांसाठी रकाने आहेत, गाणे शिकणाऱ्यासाठी नाही. तो एक रकाना वाढवावा, असे पत्र मी आज कार्यवाहांच्या हाती दिले आहे आणि सोबत माझ्या एका महिन्याच्या निवृत्तिवेतनाचा धनादेश जोडला आहे.

पारितोषिके वाटावयाची आहेत आणि मुली ताटकळल्या आहेत. म्हणून येथेच थांबतो.