धुरा, सीमा आणि कुंपण

मध्य प्रदेशातील तापी खोऱ्यात वसलेल्या फोपनारसारख्या गावात दोन शेतांमध्ये कुंपण कोठे घालावे, हा प्रश्न वरवर खांब आणि काटेरी तार यांचा वाटला, तरी त्याच्या मुळाशी सीमा कोणती मानायची हा अधिक अवघड प्रश्न असतो. धुरा, म्हणजे दोन शेतांमधील न नांगरलेली मातीची पट्टी, डोळ्यांना दिसते. पण ती नांगराच्या प्रत्येक तासाबरोबर थोडी थोडी कोरली जाऊ शकते. सीमा मात्र महसुली नकाशावरील रेषा असते. जुने ग्रामनकाशे बहुधा सोळा इंचांस एक मैल, म्हणजे सुमारे १:४००० या प्रमाणाचे असल्यामुळे कागदावरील अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर दोन मीटर रुंद होते, आणि नकाशावर नुसते बोट ठेवून खांबाची जागा ठरवणारा शेतकरी प्रामाणिक असूनही शेजाऱ्याच्या जमिनीत शिरू शकतो.

दिसणारी खूण हलवता येते, ही जाण फार जुनी आहे. सीमेवर वड, पिंपळ, पळस यांसारखे वृक्ष लावावेत आणि जमिनीखाली दगड, कोळसा, राख, खापऱ्या अशा न कुजणाऱ्या वस्तू पुराव्यात, असे मनुस्मृतीचा आठवा अध्याय सांगतो. आज ते काम मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, १९५९ च्या कलम १२९ खालील सीमांकनाने होते: तहसीलदाराकडे अर्ज केल्यावर राजस्व निरीक्षक शेजारच्या भूमिस्वामींना, म्हणजे नोंदलेल्या जमीनमालकांना, सूचना देऊन मोजणी करतो आणि अहवाल सादर करतो. शेजाऱ्याला दिलेली ही सूचना नुसती औपचारिकता नव्हे. त्याच्यासमोर रोवलेली खूण पुढे त्यालाही नाकारणे कठीण जाते.

मोजणीनंतरही कुंपण नेमके रेषेवर घालणे शहाणपणाचे नाही. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खांब कलतात. तार ओढण्यासाठी व दुरुस्तीसाठीही उभे राहायला जागा लागते. म्हणून दीड-दोन हात आपल्याच हद्दीत सरकून खांब रोवावेत, हा मार्ग उत्तम. त्यात धोका एकच: बाहेर राहिलेली पट्टी शेजारी वाहू लागला आणि उघडपणे आपली म्हणून बारा वर्षे ताब्यात ठेवत राहिला, तर मर्यादा अधिनियम, १९६३ च्या आधारे तो विरुद्ध कब्जाचा, म्हणजे मालकाचा हक्क नाकारून ठेवलेल्या ताब्याचा, दावा करू शकतो. तो टाळण्यासाठी कुंपण सीमेच्या आत असल्याची लेखी नोंद उभयतांच्या सह्यांनिशी करावी आणि सीमेवरील दगड तसेच राहू द्यावेत.

कुंपणाने मागच्या शेताची वहिवाटीची वाट अडली, तर संहितेच्या कलम १३१ प्रमाणे तहसीलदाराकडे दाद मागता येते, आणि पक्के खांबही काढावे लागू शकतात. शेतकऱ्यांनी शेत मोकळे असताना, खांब विकत आणण्यापूर्वीच, सीमांकनाचा अर्ज करावा आणि मोजणीच्या दिवशी शेजाऱ्याला स्वतः बोलावून आणावे.