रोग्याची कैफियत



बिंदुसरेच्या धरणाशेजारच्या या पाली गावी ज्या शास्त्राविषयी बोलण्यास आपण मला पाचारण केले, त्याचे ‘व्यवसायोपचार’ हे नाव ऐकून उदीमधंद्याची वार्ता निघेल अशी कुणाची समजूत झाली असल्यास दोष त्या नावाचा आहे. कारण सकाळी चूळ भरण्यापासून रात्री अंथरूण घालेपर्यंत मनुष्य स्वहस्ते जे जे करतो, ते सर्व या ‘व्यवसाया’त अभिप्रेत आहे. अमेरिकेत एलिझाबेथ लंडी म्हणून जन्मलेल्या श्रीमती कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात या विद्येची शाळा काढली, आणि १९५२ मध्ये या उपचारकांचा जागतिक संघ स्थापन झाला तेव्हा संस्थापक दहा देशांत भारताची गणना झाली.

उमेदवारीच्या दिवसांत, अर्धांगवायूने उजवा हात लुळा पडलेल्या एका बाईंना मी फळीच्या भोकांत लाकडी खुंट्या बसवण्याचा अभ्यास नेमून दिला. तीन आठवडे त्यांनी तो बिनतक्रार केला, ‘जमतंय ना?’ या प्रश्नास दर वेळी ‘व्हय’ असे उत्तर दिले, आणि ते मी दप्तरात प्रगती म्हणून नोंदवीत गेलो. चौथ्या आठवड्यात त्यांनी हळूच विचारले, “डाक्टर, खुंट्या घरी कुणी बसवत न्हाई. भाकरी कधी थापू?”

तो ‘व्हय’ संमतीचा नव्हता, आदराचा होता. हा भेद मला कुणी शिकवला नव्हता. जुन्या दप्तरांत जबानी आणि कैफियत असे दोन शब्द आढळतात: जबानीत विचारलेल्याचे उत्तर असते, कैफियतीत मनुष्य आपली हकीकत आपल्याच क्रमाने मांडतो. आम्ही रोग्याची जबानी घेतो, तीही पुष्कळदा त्याच्या मुलाकडून, आणि हुकूम सुनावतो.

ऊसतोडीला जाणाऱ्या गड्याचेच पाहा. बोटाची तुटलेली कंडरा शिवली, वरची जखम भरली, तरी कंडरेचा आतला जोड कित्येक आठवडे कच्चाच असतो. म्हणून आम्ही ‘जड काम वर्ज्य’ असे फर्मावतो, तो ‘बरं’ म्हणतो आणि टोळीबरोबर निघून जातो. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवराबायको मिळून एक कोयता मोजला जातो, आणि त्यातला एक हात कमी पडला तर फेड कशी व्हावी हे त्याला कुणी विचारलेलेच नसते. या फेडीचे बोलणे त्याच्या कारभारणीसमक्ष, शक्य तर मुकादमासमक्ष, व्हावयास हवे. ते न करता ‘रोगी ऐकत नाहीत’ असा शेरा मारणे मला अन्यायाचे वाटते.

बाईंच्या त्या भाकरीच्या प्रश्नानंतर दुसऱ्या दिवशी मी परात आणि ज्वारीचे पीठ आणवले. गोळा तळव्याने रेटणे, मनगट मागे वळवून बोटे पसरणे, थापता थापता भाकरी फिरवणे: खुंट्यांकडून जे मी मागत होतो त्याहून अधिक या एका कामात होते. मात्र त्या हाताची संवेदना मंदावली होती, तव्याचा चटका कळणार नव्हता. म्हणून भाजण्याचे काम तूर्त सुनेकडे राहावे असे बाई, त्यांची सून आणि मी अशा तिघांनी बसून ठरवले. पहिली भाकरी फाटली. मी हाताकडे पाहत होतो. बाई पिठाकडे पाहत होत्या. “जिगट न्हाई ह्याला,” त्या म्हणाल्या, “आधणाचं पाणी आणा.”