नाव सांगण्याआधी पाय पाहा

फुलापाशी हवेत एकाच जागी स्थिर राहणारी, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची माशी आपण सर्वांनी पाहिलेली असते. पुष्कळांना ती मधमाशी वाटते. पण मधमाशीला पंखांच्या दोन जोड्या असतात, हिला एकच. आणि हिला नांगी नसते. शेतीच्या पुस्तकांत हिला सिरफिड माशी म्हणतात. हिच्या अनेक जातींच्या अळ्या पिकावरचा मावा खातात. जगभरात या कुळातल्या ६,००० हून अधिक जातींची नोंद आहे.

हल्ली प्रत्येकाच्या हाती कॅमेरा आहे. लोक मला छायाचित्र दाखवतात आणि विचारतात, ‘‘हिचं नाव काय हो?’’ चित्र सुरेख असतं, पण बहुधा फक्त पाठीचं. अडचण तिथेच असते.

युरोपातलं एक उदाहरण सांगतो. ब्रिटनमधल्या बागांत सिरफस रिबेसी आणि सिरफस व्हिट्रिपेनिस या दोन माश्या नेहमी दिसतात. पहिलीचं वर्णन लिनियसने १७५८ मध्ये केलं, दुसरीचं माइगेनने १८२२ मध्ये. पाठीवरचे पट्टे दोघींचे जवळजवळ सारखे. मग ओळखायचं कसं?

आधी नर की मादी ते पाहायचं. नराचे डोळे डोक्यावर एकमेकांना भिडलेले असतात, मादीच्या डोळ्यांत फट असते. मादी असेल तर मागच्या पायाची मांडी पाहायची. रिबेसीची मांडी जवळजवळ पूर्ण पिवळी, व्हिट्रिपेनिसची बरीचशी काळी. मांडी काळी दिसली, तरी घाई नको. सिरफस टॉर्व्हस या तिसऱ्या जातीच्या मादीचीही मांडी काळी असते. मात्र तिच्या डोळ्यांवर विरळ केस असतात.

आणि रिबेसी किंवा व्हिट्रिपेनिसचा नर असेल तर? तिथे पंखाच्या एका विशिष्ट कप्प्यावर सूक्ष्म केस पूर्ण पसरलेत की काही भाग मोकळा आहे, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं लागतं. साध्या छायाचित्रात ते दिसत नाही. अशा वेळी ‘सिरफस, नर’ एवढंच लिहून थांबावं.

रंगावर तर फार विसंबू नये. आपल्या देशातही आढळणारी एपिसिरफस बाल्टिएटस ही माशी घ्या. कोशात असताना तिला थंडी लागली, तर ती अधिक काळपट होऊन बाहेर येते. जात तीच, रूप मात्र वेगळं.

कुणी म्हणेल, एका माशीच्या नावासाठी इतकी चिकित्सा कशाला? पण अशा नोंदी एकत्र करूनच कोणती जात कुठे आहे, कुठून नाहीशी होते आहे, याचे नकाशे तयार होतात. नावाचा रकाना रिकामा असेल तर पुढचा अभ्यासक शोध घेतो. तिथे चुकीचं नाव भरलं, की शोधच थांबतो. फोन झटकन एखादं नाव सुचवतो. पण त्यालाही चित्रात न दिसलेली मांडी कशी कळणार?

तेव्हा पुढच्या वेळी माशी दिसली, की एका चित्रावर समाधान मानू नका. पाठ घ्या, बाजूने पाय घ्या, समोरून चेहरा घ्या, जमलं तर पसरलेला पंख घ्या. सोबत जागा आणि तारीख लिहा. आणि चित्रात जेवढं दिसतं, तेवढंच नाव द्या.