आपली फाइल कुणाच्या हातात?

(आपल्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेलं हे भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून लिहून काढलं आहे. बोलताना झालेली विषयांतरं बहुतेक तशीच ठेवली आहेत.)



कार्यक्रमाच्या फलकावर माझ्या नावापुढे 'आरोग्य आणि आपण' असं लिहिलंय. आहारावर मी बोलावं असं माझ्या घरात कुणालाच वाटत नाही, आणि प्राणायामावर आपल्याकडे दर महिन्याला कुणी ना कुणी बोलतंच. मी पडलो बँकवाला. सदतीस वर्षं कागद सांभाळले, तेव्हा कागदांबद्दलच बोलतो. दवाखान्यात गेलो की आपण नाडीबरोबर आपली माहितीही डॉक्टरांच्या हाती देतो. कोणता आजार, कोणती गोळी, घेतो का नाही, झोप लागते का, घरात आणखी कुणाला काय आहे, सगळं. ती तिथे कशी सांभाळली जाते, हे आपल्यासारख्या कॉम्प्युटरमधलं फारसं न कळणाऱ्या माणसाला ओळखता येतं का? माझं मत, बरंचसं येतं.

१९७५ साली मी एका सरकारी बँकेत लागलो. बसायला खुर्ची मिळायच्या आधी एका छापील कागदावर सही घेतली. निष्ठा आणि गुप्तता पाळण्याचं ते प्रतिज्ञापत्र. राष्ट्रीयीकरणाच्या १९७० च्या कायद्यातच ते लिहिलेलं आहे, कामाला हात लावायच्या आधी सही झाली पाहिजे. माझी पहिली शाखा तालुक्याच्या गावी. सहा महिन्यांत माझे सख्खे मामा एसटीनं येऊन हजर. मामेबहिणीला स्थळ आलं होतं आणि मुलाचं खातं आमच्या शाखेत. "शिल्लक किती तेवढं सांग. आकडा नको सांगूस, चार आकडी की पाच आकडी एवढंच." खोटं कशाला बोलू, मी लेजर उघडायच्या बेतात होतो. मॅनेजरसाहेबांनी केबिनमधून पाहिलं. मामांना आत बोलावून चहा पाजला आणि म्हणाले, "मुलालाच विचारा की. त्याच्या मनात असेल तर पासबुक आणून दाखवील." मामा दोन वर्षं माझ्याशी बोलले नाहीत. लग्न झालं, आज नातवंडं आहेत त्यांना.

डॉक्टरांचंही हेच आहे, आणि आमच्यापेक्षा फार जुनं आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात वैद्यकीच्या विद्यार्थ्याला गुरू जो उपदेश करतात, त्यात रोग्याच्या घरातल्या गोष्टी बाहेर सांगू नयेत, हे स्पष्ट आहे. आजच्या काळात डॉक्टरांच्या वर्तनाचे २००२ चे नियम आहेत. कोर्टाचा आदेश, कुणाला गंभीर धोका, किंवा सरकारला कळवणं बंधनकारक असलेला आजार, असे थोडे अपवाद सोडले तर रोग्याचं गुपित डॉक्टरांनी फोडायचं नाही. एचआयव्हीबाबत तर २०१७ चा वेगळा कायदाच आहे.

हे सगळं मला पाठ होतं. पण तीन वर्षांपूर्वी माझं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. (सत्तरी ओलांडलेल्या पुरुषांनी हसू नये, रांगेत सगळेच आहेत.) घरी आल्यावर सहाव्या दिवशी फोन. "काका, प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर लागणारे मोठ्यांचे डायपर, घरपोच, वीस टक्के सवलत." फोन स्पीकरवर होता आणि समोर जावई बसलेला. त्या वेळी मला त्या वस्तूची गरज होती, हे तर आणखी वाईट. जावयानं शहाणपणा करून पेपरात डोकं घातलं.

माझा नंबर, माझं वय, माझं ऑपरेशन आणि घरी सोडल्याची तारीख, एवढं त्या मुलीला कुणी दिलं? मी भांडायला गेलो नाही. बँकेची सवय, पत्र लिहिलं. दोन प्रती, एकीवर पोच. माझी माहिती तुमच्याकडे कुठे कुठे लिहिलेली आहे, ती कोण कोण पाहू शकतं, बाहेर कुणाला दिली, आणि पुढे काय करणार, एवढंच विचारलं. आठ दिवसांनी डॉक्टरांचा स्वतः फोन आला. घरी सोडलेल्या पेशंटचं रजिस्टर काउंटरवर उघडं पडलेलं असायचं. माल घेऊन येणारा एक पोरगा रोज सकाळी त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून न्यायचा. डॉक्टरांना खरोखर माहीत नव्हतं. आता रजिस्टर आत असतं, किल्लीत. मी अजून त्यांच्याकडेच जातो. चूक कबूल करून दुरुस्त करणारा डॉक्टर मला जास्त भरवशाचा वाटतो.

तर बघायचं कसं? आमच्या बँकेत इन्स्पेक्शनला एक साहेब यायचे. ते आल्या आल्या लेजर मागायचे नाहीत. ग्राहकांच्या बाकावर पंधरा मिनिटं नुसते बसायचे. कोण कुठून आत येतं, कॅशियरच्या पिंजऱ्याचं दार लागलंय का, किल्ल्या कुणाच्या खिशात, रद्दीच्या टोपलीत काय. त्या पंधरा मिनिटांत निम्मा रिपोर्ट तयार व्हायचा. दवाखान्यात आपल्याला तर तासभर बसायला मिळतं!

बसल्या बसल्या बघा. रिसेप्शनवरची मुलगी "काय होतंय?" हे सगळ्या बाकाला ऐकू जाईल असं विचारते का? डॉक्टरांकडे एक पेशंट आत, दुसरा दारात उभा, तिसरा पडद्याला लागून, असं चाललंय का? स्क्रीनचं तोंड कुणाकडे आहे? मी एका ठिकाणी माझ्या नंबराची वाट पाहता पाहता आधीच्या सात जणांची नावं आणि आजार वाचले, चष्मा न लावता. मॉनिटरच्या कडेला पिवळ्या चिठ्ठीवर पासवर्ड चिकटवलेला दिसला तर काय समजायचं ते समजा. आणि कोऱ्या बाजूवर लिहायला दिलेला कागद उलटून पाहा, मागे कुणाचा तरी रिपोर्ट असतो. भेळेच्या पुडीवर कुणाचं तरी कोलेस्टेरॉल वाचलेला मी इथे एकटाच नसेन.

मग थोडं विचारायचं. रागानं नाही, सहज. सध्या सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न व्हॉट्सॲपचा. "रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवा" म्हणतात, आपणही पाठवतो. तो फोन दवाखान्याचा आहे की त्या मुलीचा स्वतःचा? स्वतःचा असेल तर उद्या तिनं नोकरी सोडली की आपले सगळ्यांचे रिपोर्ट तिच्याबरोबर तिच्या घरी गेले. ती बिचारी वाईट आहे असं मी म्हणत नाही. आमच्याकडे सोन्यासारखा कॅशियर असला तरी तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडेच असायच्या.

दुसरं, फॉर्म. सर्दीसाठी आधारची झेरॉक्स कशाला? विमा असेल, सरकारी योजनेतून उपचार असतील, तर ओळखपत्र मागणं समजू शकतो. विम्याच्या कंपनीला कागद द्यावेच लागतात. नुसत्या नोंदीसाठी मागितलं तर कारण विचारा. द्यायचंच झालं तर आधारची अशी प्रत मिळते, जिच्यावर पहिले आठ आकडे झाकलेले असतात. आणि ओटीपी! काउंटरवर "काका, ओटीपी आला असेल, सांगा" म्हटलं की आपण लगेच सांगून टाकतो. बऱ्याचदा तो आभा क्रमांकासाठी असतो. चौदा आकडी नंबर, केंद्र सरकारची योजना, आपले रिपोर्ट एका नंबराला जोडून ठेवायची. योजना चांगली आहे, माझाही नंबर आहे. पण ती ऐच्छिक आहे, आणि कोणत्या दवाखान्याला काय पाहू द्यायचं याची संमती आपण द्यायची असते, काढूनही घेता येते. ओटीपी देणं ही सही आहे. कोऱ्या चेकवर सही करत नाही ना आपण?

तिसरी परीक्षा मला सगळ्यात आवडते. आपलेच कागद मागून बघा. २००२ च्या त्याच नियमांप्रमाणे, ॲडमिट झालेल्या पेशंटची कागदपत्रं उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवायची असतात, आणि मागितली तर ७२ तासांत द्यायची असतात. तुमचा अर्ज आणि ओळख बघून शांतपणे प्रत देणारा दवाखाना व्यवस्थित चाललाय असं समजा. "फाइल सापडत नाही, पुढच्या आठवड्यात या" म्हणणाऱ्याकडे ती फाइल दुसऱ्या कुणाला सापडली तरी कळणार नाही. आणि नुसतं नाव सांगितल्यावर, ओळख न विचारता, शेजाऱ्याच्या हाती रिपोर्ट देणारा? तो आपल्याला सोयीचा वाटतो. मीही तसे आणलेत. पण आपला रिपोर्टही तसाच कुणीही नेऊ शकतं, हे विसरू नका.

इथे कुणी म्हणेल, मोठ्या हॉस्पिटलात जा, तिथे सगळं कॉम्प्युटरवर, चिंता नाही. दिल्लीचं एम्स केवढं मोठं! नोव्हेंबर २०२२ मध्ये खंडणीखोर सायबर हल्लेखोरांनी त्यांचे सर्व्हर बंद पाडले आणि सुमारे दोन आठवडे तिथली नोंदणी, रिपोर्ट, बिलं हातानं लिहून चालली होती. उलट, आपल्या कोपऱ्यावरचे जुने डॉक्टर अजून कार्डं ठेवतात, पण कपाटाला कुलूप असतं आणि किल्ली त्यांच्या खिशात. थाटमाटावरून काहीच ओळखता येत नाही.

कायद्याचं थोडक्यात. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले, आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला तिथून दीड वर्षाची मुदत आहे. माहिती कशासाठी घेतोय हे सांगायचं, ती नोटीस मराठीतही मागता येते, आणि सुरक्षेत हयगय झाली तर दंड २५० कोटींपर्यंत. एवढ्याशा दवाखान्याला कुणी २५० कोटी लावणार नाही, पण निदान प्रश्न विचारला की आता "हे काय नवीन?" असं कुणी म्हणू नये. शिवाय महाराष्ट्रातल्या नर्सिंग होमना २०२१ पासून रुग्णहक्कांची सनद दर्शनी जागी लावावी लागते. भिंतीवर आहे का बघा. कॅलेंडरमागे असते कधी कधी.

आता जे सांगतो ते सांगायचं की नाही, यावर मी बरेच दिवस घालवले.

जून २०२० मध्ये मी आपल्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो. एका घरातला कर्ता माणूस पॉझिटिव्ह निघाला. त्यांनी मला विश्वासानं फोन करून सांगितलं आणि रिपोर्टही पाठवला. मी अर्ध्या तासात त्यांचं नाव आणि फ्लॅट नंबर व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, आणि संध्याकाळी नोटीस बोर्डावर लावला. सगळ्यांच्या भल्यासाठी, असं मला तेव्हा वाटलं. मजला सांगून भागलं असतं. नावाची गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारात दूध ठेवायला कुणी तयार नव्हतं. ते बरे झाले, देवाची कृपा. दोन वर्षांनी गणपतीच्या आरतीनंतर त्यांच्या पत्नी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "काका, दिवाळीपर्यंत आमच्या मुलाला खाली कुणी खेळायला घेतलं नाही. तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगते." बास, एवढंच. त्यांनी आवाजही चढवला नाही.

सदतीस वर्षं जी सही मी पाळली, ती अर्ध्या तासात मोडली. तेव्हा मामांना चहा पाजणारे मॅनेजरसाहेब समोर नव्हते. आज हे बोलण्याआधी मी त्या वहिनींची परवानगी घेतली आहे. विंग सांगणार नाही, आणि आपणही अंदाज बांधू नयेत ही विनंती.

याच्यावरून आठवलं. सोसायटीच्या ऑफिसातल्या लोखंडी कपाटात, खालच्या कप्प्यात एक निळी फाइल आहे. त्या काळात आपण सगळ्यांनी जमा केलेले रिपोर्ट, लसीची सर्टिफिकिटं, मोलकरणींचे आणि ड्रायव्हरचे कागदसुद्धा. कपाटाची किल्ली वॉचमनच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये असते हे मला परवाच कळलं. आता त्या फाइलीचा काही उपयोग नाही. कमिटीनं ठराव केला आहे की ती नष्ट करायची. ज्यांना आपले कागद परत हवेत त्यांनी येत्या रविवारी सकाळी दहा ते बारा या वेळात ऑफिसात यावं, ओळखपत्र घेऊन. हो, माझ्याकडूनही ओळखपत्र मागितलं जाईल. घरकाम करणाऱ्या बायकांना ज्याच्या त्याच्या घरून निरोप द्यावा, कागद त्यांचे आहेत. उरलेले कागद सेक्रेटरी आणि खजिनदार यांच्यासमोर मशिनमध्ये बारीक केले जातील आणि तशी नोंद रजिस्टरमध्ये होईल. मशिन माझ्या मुलानं दिलंय, रद्दीवाल्याला बोलवायचं नाही.

कपाटाची किल्ली कालपासून दोघांकडे आहे.